तळकोकणातली जत्रा रात्रभर कशी पाहावी: तारीख काढण्यापासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत

सिंधुदुर्गात येणाऱ्या पाहुण्यांचा बेत बहुधा ठरलेला असतो. मालवणचा किल्ला, तारकर्लीचा किनारा, दुपारी सुरमईचं ताट आणि संध्याकाळी परतीची गाडी. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत त्याच किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच्या एखाद्या गावात रात्रभर जत्रा चाललेली असते आणि पाहुणे लॉजवर झोपलेले असतात. जे जातात, त्यांच्यातलेही बरेचजण दर्शन घेऊन, खाजं (जत्रेतली गुळाची मिठाई) बांधून रात्री दहाला मागे फिरतात. पालखी, दशावतारी नाटक आणि दहीकाला हे सगळं त्यानंतरचं आहे. म्हणून जत्रा पाहायची असेल तर सकाळपर्यंत थांबायचं हे आधी ठरवा आणि बाकीचं नियोजन त्याच हिशेबाने करा.

जत्रा निवडणं आणि तारीख काढणं

इथल्या जत्रा दोन प्रकारच्या. पहिल्या तिथीला बांधलेल्या. सावंतवाडी तालुक्यातल्या सोनुर्लीच्या माउलीची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वराची यात्रा महाशिवरात्रीला. दुसऱ्या प्रकारात तारीख देवीच्या कौलावर, म्हणजे तिला विचारून मिळालेल्या संकेतावर ठरते. मालवण तालुक्यात मसुरे गावातली आंगणेवाडी, तिथल्या भराडी देवीची यात्रा ही यातली सर्वांत मोठी. कॅलेंडरात पाहून तिची तारीख सापडणार नाही. कौल झाला की आंगणे कुटुंबीय ती जाहीर करतात. बहुतेक वर्षी ती फेब्रुवारीच्या आसपास येते, पण त्या भरवशावर रजा टाकू नये.

तिथीच्या जत्रेतही एक घोळ होतो. गेल्या वर्षी अमुक तारखेला होती म्हणून यंदाही आठवडाभर इकडेतिकडे असेल, असं धरून लोक तिकीट काढतात. २०२५ ची त्रिपुरारी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती २४ नोव्हेंबरला आहे, म्हणजे १९ दिवसांचा फरक. शिवाय तिथी दोन दिवसांत विभागलेली असली की गाव कोणता दिवस धरणार, हे पंचांग पाहून बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही. तिथे गावचे मानकरी काय म्हणतात तेच खरं. यावर उपाय सोपा आहे. त्या गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या एखाद्या न्याहरी निवासाला फोन करा आणि 'जत्रा कधी आसा?' एवढंच विचारा. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनाही तारीख पक्की ठाऊक असते.

पहिल्यांदा येणाऱ्याने थेट आंगणेवाडीला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथली गर्दी एवढी असते की देवीचं दर्शन होतं, पण जत्रा उमगत नाही. सुरुवात एखाद्या मध्यम गावच्या जत्रेने करा. त्रिपुरारीनंतरच्या आठवड्यांत सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळ आणि मालवण या चार तालुक्यांत जवळजवळ रोज कुठे ना कुठे जत्रा असते. तीन-चार दिवस हातात असतील तर दोन लहान जत्रा आरामात पाहून होतात.

पोचायचं कसं

कोकण रेल्वेवर कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ आणि सावंतवाडी रोड ही कामाची स्थानकं. मालवण, मसुरे, आचरे या बाजूला जायचं तर कणकवली किंवा कुडाळला उतरा. सोनुर्ली, आरवली, शिरोडा, रेडी या बाजूला जायचं तर सावंतवाडी रोडला. हे स्थानक मळगावात आहे, शहरात नाही, त्यामुळे सोनुर्लीला जाणाऱ्याने आधी सावंतवाडी गाठायची गरज नाही. स्थानकाबाहेरच रिक्षा ठरवावी.

आरक्षण ६० दिवस आधी खुलतं. तिथीची जत्रा असेल तर त्याच सकाळी तिकीट काढा, कारण त्या दिवसांत चाकरमान्यांची संख्या पर्यटकांपेक्षा कितीतरी जास्त असते. मुंबईहून रात्री सुटणारी कोकणकन्या सकाळी पोचवते आणि जत्रेसाठी तीच सर्वांत सोयीची, कारण दुपारी झोपायला वेळ मिळतो. तुतारी एक्सप्रेसचं तिकीट काढताना मात्र जपा. ती दादरहून मध्यरात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकिटावर शनिवारची तारीख हवी. शुक्रवारची तारीख टाकली तर ती गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते, आणि हे लोकांना दादरला फलाटावर कळतं. आंगणेवाडीसाठी तारीख जाहीर झाल्यावर कोकण रेल्वे विशेष गाड्या सोडते. त्यांची घोषणा आली की त्याच दिवशी आरक्षणाच्या मागे लागा.

विमानाने यायचं तर सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळापेक्षा गोव्यातल्या मोपा विमानतळाला विमानं आणि वेळा जास्त मिळतात, आणि बांदा, सावंतवाडी तिथून जवळ पडतं. गोव्यातून येताना दारूच्या बाटल्या आणू नका. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि सीमेवर तपासणी असते.

कोल्हापूरकडून गाडीने येणाऱ्यांनी आंबोली घाट उजेडी उतरावा. थंडीत पहाटे धुकं असतं आणि रात्री गवे रस्त्यावर येतात.

स्थानकापासून गावापर्यंतचं अंतर हा खरा प्रश्न आहे. एसटी जत्रेसाठी जादा गाड्या सोडते, पण त्या मोठ्या जत्रांना. लहान गावात शेवटची एसटी संध्याकाळीच जाते. त्यामुळे रिक्षा ठरवताना येण्याचं आणि जाण्याचं भाडं एकत्र ठरवा, आणि परतीची वेळ 'दहीकालो झाल्यार' अशी सांगा. पाच वाजता, साडेपाच वाजता असं सांगून उपयोग नाही, नाटक घड्याळावर संपत नाही. स्थानिक रिक्षावाल्याला हे बरोबर समजतं आणि बहुतेक वेळा तोही नाटकाला बसलेलाच असतो.

मुक्काम आणि सामान

मुक्काम जत्रेच्या गावात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्या दिवशी प्रत्येक घरात माहेरवाशिणी आणि मुंबईकर असतात. दहा-पंधरा किलोमीटरवर खोली घ्या आणि ती दोन रात्रींसाठी घ्या. एका रात्रीची घेतली तर सकाळी सहाला जागून आलेल्या माणसाला दहा वाजता खोली सोडावी लागते आणि पुढचा दिवस डुलक्या काढण्यात जातो. जेवण सांगताना मालकाला 'रात्री जत्रेला जातोय' हे आधीच सांगा, म्हणजे संध्याकाळी लवकर जेवायला मिळेल.

बरोबर घ्यायचं ते असं: बसायला सतरंजी किंवा जाड चादर, शाल आणि कानटोपी, विजेरी, पाण्याची बाटली, चप्पल ठेवायला कापडी पिशवी, आणि १०, २०, ५० च्या नोटा. शाल-कानटोपी नाही म्हणू नका. किनाऱ्यावर दिवसा घाम येतो म्हणून लोक अर्ध्या बाह्यांत येतात, आणि पहाटे तीननंतर दव पडायला लागलं की नाटक अर्ध्यावर सोडून उठतात. नोटांचं कारण असं की गर्दीत मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं आणि खाजेवाल्याकडे लावलेला क्यूआर कोड कामाचा राहत नाही. त्याच कारणाने सोबत्यांशी आधीच ठरवून ठेवा की चुकामूक झाली तर दीपमाळेपाशी भेटायचं.

देवळात

संध्याकाळी सात ते नऊ ही दर्शनाची बरी वेळ. देवी असेल तर ओटी: खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड, हळदकुंकू. सगळं देवळाबाहेर मिळतं. या भागातल्या जत्रांत केळी-नारळ ठेवण्याची पद्धत मोठी आहे, तेव्हा काय न्यावं कळत नसेल तर तेच न्या. आरवलीच्या वेतोबाला तर केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. त्या देवळात रचलेल्या दिसतात आणि जत्रा नसतानाही पाहायला मिळतात.

गाऱ्हाणं घालून घ्यायचं असेल तर पुढे जाऊन गुरवाला किंवा मानकऱ्याला नाव, गाव आणि मागणं एवढंच थोडक्यात सांगा. तो 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरू करतो, प्रत्येक वाक्याला भोवतीच्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. तुम्हीही म्हणा. गाऱ्हाण्यात ग्रामदेवता, शेजारची दैवतं, बारा-पाचाचे मानकरी (गावातली पिढीजात मानाची घराणी) यांची नावं ओळीने येतात. ऐकताना गावाची सगळी रचना कानावर पडते. त्यानंतर ताटात दक्षिणा ठेवावी, रक्कम कोणी सांगत नाही.

गाभाऱ्यात शिरू नका. कोणाच्या अंगात अवसर आला असेल तर फोटो काढू नका आणि समोरून वाट अडवू नका. इतर ठिकाणीही कॅमेरा काढण्याआधी एखाद्या मानकऱ्याला विचारा. बहुतेक 'हो' म्हणतात, न विचारता काढला तर मात्र बोलणी बसतात आणि ती रास्त असतात.

सोनुर्लीला लोटांगणं असतात. नवस फेडणारे दिवसभर उपवास करतात, रात्री आंघोळ करून ओल्या अंगाने देवळाभोवती लोटांगण घालतात. पुरुष जमिनीवर लोळत जातात, स्त्रिया उभ्याने चालत प्रदक्षिणा घालतात. बघणाऱ्यांनी दोन्ही कडेला मागे सरकून वाट मोकळी ठेवायची. मातीत खडे, काचा किंवा पडलेलं काही दिसलं तर उचला. पुढच्या मिनिटाला तिथून कोणाची तरी उघडी पाठ जाणार असते.

रात्री अकराच्या सुमारास पालखी निघते. ढोल, सनई, अब्दागिरी, चवऱ्या, फटाके. देवळाकडे तोंड करून उजव्या हाताला उभं राहा, पालखी प्रदक्षिणा घालून तिथून येते आणि फटाके बहुधा समोरच्या मोकळ्या जागेत लावतात. पालखी देवळात गेली की सतरंजी उचला आणि मंच गाठा.

दशावतार

जत्रेचं नाटक म्हणजे दशावतार, आणि जत्रेला गावात 'दहीकालो' म्हणतात तो याच रात्रीच्या शेवटामुळे. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर, खानोलकर, आरोलकर, चेंदवणकर अशी नावं लावणारी मंडळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. कोणत्या गावात कोणतं मंडळ, हे बहुधा वर्षानुवर्षं ठरलेलं असतं.

नाटक सुरू होण्याआधी रंगपट पाहा. देवळाच्या मागे किंवा धर्मशाळेत नट जमिनीवर बसून आपापली रंगरंगोटी करत असतात. प्रत्येकासमोर पत्र्याची पेटी, पेटीच्या झाकणाला टेकवलेला हातभर आरसा. रंगभूषाकार नसतो. आधी चेहऱ्यावर सफेदा आणि पिवडीचा हात, मग काजळाची भुवई एका दमात ओढायची. पन्नाशीचा मिशा काढलेला गृहस्थ अर्ध्या तासात नऊवारी नेसून मान वळवतो तेव्हा समोर राणी बसलेली असते. सगळी पात्रं पुरुषच करतात. आत जाण्याआधी मंडळाच्या मालकाची परवानगी घ्या आणि पेटाऱ्याला पाय लागू देऊ नका. त्यात गणपतीचा मुखवटा असतो, त्याची पूजा झालेली असते. पूर्वी हे सगळं सामान डोक्यावर घेऊन नट एका गावातून दुसऱ्या गावात चालत जात. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण तिथली. आता टेम्पो आला, पण रोज रात्री नवं गाव आणि दिवसा मिळेल तेवढी झोप हे तसंच आहे.

बसायची जागा नीट निवडा. पेटी, मृदंग आणि झांज घेऊन वादक मंचाच्या एका कडेला बसतात. त्यांच्या विरुद्ध बाजूला, तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा. तिथून नटाची नजर आणि मृदंगवाल्याचे हात एकत्र दिसतात. पहिल्या ओळी मुलांच्या आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या, तिथे बसू नका. ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यासमोरही नको, पाच तास सहन होत नाही.

सुरुवातीला आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा पूर्वरंग. गणपती, ऋद्धी-सिद्धी, पूजेला आलेला भटजी, शारदा, ब्रह्मदेव. मग अंगभर काळा असा संकासुर येतो, वेद पळवतो आणि विष्णूशी भिडतो. संकासुर मालवणीत बोलतो, गावच्या खड्ड्यांपासून मुंबईकरांच्या तोऱ्यापर्यंत कशालाही हात घालतो. मालवणी कळत नसेल तर शेजाऱ्याला विचारा, तो हौसेने सांगेल. अलीकडे काही मंडळं आडदशावतार पंधरा-वीस मिनिटांत उरकतात. पूर्ण पाहायचा असेल तर लहान गावची जुनी जत्रा निवडावी.

त्यानंतर मुख्य आख्यान, पुराणातली एखादी कथा. इथे नव्या प्रेक्षकाने एक गोष्ट मनाशी धरून बसावं: समोर चाललंय त्याची लिखित संहिता नाही. त्या दिवशी आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, प्रसंगांचा क्रम सांगितला जातो, आणि संवाद नट मंचावर उभा राहून रचतो. म्हणूनच दोन कसलेले नट समोरासमोर आले, राजा आणि ऋषी, किंवा नवरा आणि बायको, की वाद अर्धा-पाऊण तासही रंगतो. प्रेक्षक मोबाइल खाली ठेवतात, ती वेळ चुकवू नका. एकच लाकडी बाकडं सिंहासन होतं, रथ होतं, पर्वत होतं. युद्ध आलं की शब्द थांबतात आणि सगळं मृदंगावर जातं: नट पाय आपटतो, मृदंगवाला त्याच बोलाने उत्तर देतो, लय चढत जाते, शेवटची थाप आणि तलवारीचा वार एकाच क्षणी पडतो.

आख्यान कोणतं आहे ते रंगपटातच विचारून ठेवा, म्हणजे कथेचा धागा सुटत नाही. ताट फिरतं तेव्हा त्यात नोट टाका. फ्लॅश मारू नका, तलवार हातात असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर तो बसतो. हल्ली 'संयुक्त दशावतार' आणि ट्रिकसीनची नाटकंही होतात. पहिल्यात वेगवेगळ्या मंडळांतले नामवंत नट एकत्र येतात आणि अभिनयाची चढाओढ चांगली असते. दुसऱ्यात धूर, दिवे, उडणारी पात्रं असतात. गर्दी दोन्हीला होते. पण देवळासमोरच्या साध्या दहीकाल्याची सर त्यांना नाही.

दोन ते साडेतीन ही झोपेची वेळ. त्यात उठून चहा घ्या, फेरी मारा, परत येऊन बसा. एकदा आडवे झालात की दहीहंडी फुटल्याच्या आवाजानेच जाग येते. उजाडायला आलं की हंडी फुटते, काला वाटतात, तो ओंजळीत घ्यायचा.

खाणं

जत्रेत घ्यायचं ते खाजं. बेसनाच्या कुरकुरीत कांड्यांवर आल्याचा वास असलेला गुळाचा पाक. चांगलं खाजं ओळखायची खूण म्हणजे कांडी मोडली की टक्‌ असा आवाज येतो आणि गूळ बोटाला चिकटत नाही. दमट हवेत उघडं राहिलं की ते मऊ पडतं, म्हणून घेताना ढिगाच्या वरचं न घेता आतलं मागा आणि घरी गेल्यावर लगेच डब्यात भरा. त्याच्या शेजारी खटखटे लाडू आणि शेंगदाण्याचे लाडू असतात. रात्रीच्या भुकेला गरम भजी आणि उसळ-पाव पुरतात. कोंबडी-वडे, मासे हे दुसऱ्या दिवशी दुपारी खा. रात्री पोट जड झालं तर झोप आवरत नाही, आणि देवदर्शनाच्या दिवशी शाकाहार पाळणारेही बरेच असतात.

आंगणेवाडी आणि कुणकेश्वर

या दोन यात्रांना वरचे सगळे नियम थोडे बदलतात. आंगणेवाडीला दर्शन पहाटेपासून सुरू होतं. गाडी लांबच्या वाहनतळावर लागते, तिथून चालावं लागतं. रात्री ताटं लावण्याचा विधी असतो: आंगणे कुटुंबातल्या स्त्रिया प्रसादाची ताटं डोक्यावर घेऊन मौनाने देवळात येतात. त्या वेळात भाविकांची दर्शनाची रांग थांबते. हे माहीत नसलेले लोक नेमके तेव्हाच रांगेत लागतात आणि ताटकळतात. तेव्हा दर्शन एकतर दुपारी उरका किंवा विधी संपल्यावर उत्तररात्री घ्या. यात्रा दीड दिवसाची. दुसऱ्या दिवसाला मोडयात्रा म्हणतात, गर्दी ओसरलेली असते आणि वयस्कर माणसांना न्यायचं असेल तर तोच दिवस बरा.

कुणकेश्वराचं देऊळ समुद्राला लागून आहे. लोक महाशिवरात्रीला दर्शन घेऊन निघतात, पण पुढच्या अमावास्येचं तीर्थस्नान पाहण्यासारखं आहे. गावोगावच्या देवस्वाऱ्या वाजतगाजत किनाऱ्यावर येतात आणि देवांना समुद्रस्नान घडतं. देवस्वारीच्या मागे फार खोल पाण्यात जाऊ नका आणि भरती-ओहोटीच्या वेळा आधी विचारून ठेवा.

जागरणानंतरचा दिवस

पहाटे निघून थेट मुंबई-पुण्याची गाडी हाकू नका. रात्रभर जागलेल्या चालकाला सकाळी आठनंतरच्या उन्हात सरळ महामार्गावर डुलकी लागते. किमान पाच तास झोपा. दुपारनंतर जवळचंच काहीतरी पाहा. सावंतवाडीत असाल तर चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं, राजवाड्यात गंजिफाचे हाताने रंगवलेले पत्ते. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, ज्यांच्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला. रात्री दशावतार पाहून दुसऱ्या दिवशी चित्रकथी पाहिली तर त्याच पुराणकथा कागदावर कशा उतरतात हे समजतं, म्हणून हा जोड आम्ही आवर्जून सुचवतो. रेडी-शिरोड्याकडे असाल तर वेतोबा आणि रेडीचा गणपती एका दुपारी होतात. मालवणात असाल तर सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी दुसऱ्या दिवशी सकाळी धरा, त्या दुपारी नको. झोप अर्धवट असताना होडी लागते.

दुसऱ्या रात्री शेजारच्या गावात जत्रा असेल तर मंडळ कोणतं आहे ते विचारा. तेच मंडळ असेल तर जरूर जा. नट तेच, कपडे तेच, आख्यान वेगळं, आणि काल राजा झालेला आज भटजी होऊन आलेला दिसतो.